कापसाला 'खर्चाच्या दीडपट' भाव. पण कोणता खर्च?

छत्रपती संभाजीनगर : २०२५-२६ साठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये हमीभाव दिला. 'खर्चाच्या दीडपट' असं बातम्यांत येतं. कोणता खर्च, ते बऱ्याचदा सांगितलंच जात नाही.

केंद्राने धरलेला खर्च ५,१४० रुपये. त्यात बियाणं, खत, मजुरी अन् घरच्यांची मेहनत येते. याला 'ए-२ अधिक एफएल' म्हणतात. स्वतःच्या जमिनीचं भाडं, स्वतःच्या भांडवलावरचं व्याज त्यात नाही. ते धरलं की होतो 'सी-२' खर्च. मग भाव दीडपट राहत नाही. शेतकरी संघटनांचा वाद यावरच आहे.

म्हणून पैठण-सिल्लोडच्या कापूसवाल्याने बातमीत 'दीडपट' दिसलं की आधी बघावं: खर्च कोणता धरलाय? आणि हमीभाव मिळतो तो सीसीआयच्या केंद्रावर. खेडा खरेदीत व्यापारी तो देईलच असं नाही.