तळघरातील मोटार, वरच्या मजल्यावरचे वाय-फाय

वरळीच्या दूरदर्शन केंद्राचा तीनशे मीटर उंचीचा मनोरा हे मुंबईकरांच्या परिचयाचे दृश्य. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा आकाशातून घरात चित्र उतरणे हेच नवल होते. आज त्याच वरळीत पंचविसाव्या मजल्यावर अख्खा चित्रपट काही क्षणांत उतरतो आणि त्याच कुटुंबाची विजेवर चालणारी मोटार तळघरात संदेशाची वाट पाहत उभी राहते. विषय वरवर श्रीमंतांच्या कौतुकाचा वाटेल. तसा तो नाही.

विद्युत मोटार हा चाकांवरचा संगणक आहे. बॅटरी किती तापू द्यायची, चार्जिंग कोणत्या टप्प्यावर मंद करायचे, वेग कमी करताना किती ऊर्जा परत बॅटरीत वळवायची, हे सारे सॉफ्टवेअर ठरविते. त्यातील दोष सुधारले नाहीत, तर प्रश्न पडद्यावरील चित्रांचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. २०१५ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी दूर बसून धावत्या जीपवर ताबा मिळवून दाखविला. सुमारे १४ लाख गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर झाली आणि मालकांना ती पेन ड्राइव्हवर धाडावी लागली. आता अशी दुरुस्ती हवेतून येते. मोटारीत स्वतःचे सिम असते खरे. परंतु मोठ्या सुधारणांसाठी, विशेषतः जेथे मोबाइलचे जाळे क्षीण आहे तेथे, वाय-फायचाच आधार लागतो. तळघराच्या काँक्रीटपुढे दोन्ही हतबल. घरातला राउटर कितीही उत्तम असो, त्याच्या लहरी वीस-पंचवीस छपरे भेदून खाली येत नाहीत.

महिंद्र उद्योगसमूहाचे मुख्यालय वरळीतच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने सादर केलेल्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या गाड्या अशा दूरस्थ सुधारणा घेतात. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील पहिले दालन उघडले. गाडी देशी असो वा विदेशी, ती विकून झाल्यावरही तिच्या कारभाराची दोरी निर्मात्याच्या हाती राहते. ही बाब जगातील सरकारे गांभीर्याने घेत आहेत. चीनने २०२१ साली आपल्या लष्करी आवारांत टेस्लाच्या गाड्यांना मज्जाव केला. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मोटारींतील चिनी सॉफ्टवेअरवर बंदीचा नियम केला. तो २०२७ च्या मॉडेलांपासून लागू होतो. भारतातही मोटारींची सायबर सुरक्षा व सॉफ्टवेअर सुधारणा यांसाठी एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानके आखली गेली आहेत. त्यांची अंमलबजावणी कठोर असावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. पण दोरी कुणाच्या हाती, या चिंतेने सुधारणाच न घेणे म्हणजे चोराच्या भीतीने कुलूप दुरुस्त न करणे होय.

केंद्राने २०१९ साली आदर्श बांधकाम नियमांत बदल करून नव्या इमारतींतील २० टक्के वाहनांसाठी चार्जिंगची सोय सुचविली. चर्चा विजेची झाली; जाळ्याची कुणी केली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत गेलेली ही माणसे उद्या विजेवरची गाडी घेणार नाहीत, असे कुणी समजू नये.

उपाय अवघड नाही. ऑप्टिकल फायबरची एक तार वाहनतळापर्यंत आणावी, प्रत्येक मजल्यावर लहान राउटर बसवावा. मात्र हे जाळे संस्थेच्या सीसीटीव्हीपासून आणि कार्यालयाच्या संगणकापासून वेगळे ठेवावे, पासवर्ड नोटीस बोर्डावर लावू नये (असे फलक आम्ही पाहिले आहेत!) आणि सुधारणा रात्री, गाडी उभी असताना घ्यावी, ती बसत असताना गाडी हलविता येत नाही. खर्च सर्वांनी उचलावा की केवळ गाडीवाल्यांनी, यावर वाद होतील. आमच्या मते जोडणीचा खर्च संस्थेने करावा, मासिक शुल्क वापरणाऱ्यांनी द्यावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. हा विषय पत्रिकेवर घेण्यासाठी सभासदाचे एक पत्र पुरते.