खासगीपणाचे कुंपण आणि आपलेच हात

देशातील आधार क्रमांकाच्या वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात झाला. सरकारने नागरिकांची किती माहिती गोळा करावी, हा वाद त्यानंतर अनेक वर्षे चालला. आधारला आव्हान देणाऱ्या खटल्यातूनच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. मात्र, ज्या माहितीसाठी एवढी झुंज झाली, ती समाजमाध्यमांवर रोज स्वखुशीने मांडली जात आहे. मोबाइल पोहोचला तेथे ही सवयही पोहोचली. त्याच जिल्ह्यातील, धुळे-सुरत महामार्गावरील विसरवाडी त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

लहान गावात कोणाच्या घरी काय चालले आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील. फरक ऐकणाऱ्यात आहे. आठवडी बाजारात कानावर आलेली गोष्ट ऐकणारा ओळखीचा असतो आणि ती गोष्ट कालांतराने विरते. समाजमाध्यमावरील प्रेक्षक अनोळखी असतो आणि तेथील नोंद टिकते. घराला कुलूप लावून परगावी गेल्याची वार्ता शेजाऱ्याला दिली तर तो घराकडे लक्ष ठेवतो. तीच जगाला दिली तर ते चोराला आमंत्रण ठरू शकते.

‘ट्राय’चे तत्कालीन अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी जुलै २०१८ मध्ये आपला आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर करून आव्हान दिले, तेव्हा काही तासांतच त्यांचा दूरध्वनी क्रमांक, पत्ता, जन्मतारीख असा तपशील लोकांनी मांडला. ही माहिती आधारच्या साठ्यातून नव्हे, तर आधीपासून खुली असलेल्या ठिकाणांहून मिळाल्याचा खुलासा प्राधिकरणाने केला. खरा धडा तोच आहे. सुटे तपशील निरुपद्रवी दिसतात. ते जुळवणारा भेटला की माणूस उघडा पडतो. सप्टेंबर २०२० मध्ये जोडीदारासोबतची छायाचित्रे टाकण्याची लाट आली, तेव्हा पुणे पोलिसांनी त्यांच्या गैरवापराचा इशारा दिला होता, तो याचसाठी.

कायदा यातून वाचवील, हा समजही भाबडा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. अश्लील फेरफार किंवा तोतयेगिरी झाल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. पण तो धावून येतो तो नुकसान झाल्यावर.

सर्वांत गंभीर प्रश्न मुलांचा आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीबाबत हा कायदा पालकांनाही मुलाच्याच जागी धरतो. त्यामुळे आईवडिलांनी हौसेने टाकलेले बाळाच्या अंघोळीचे छायाचित्र किंवा शाळेचे ओळखपत्र यांनाही या कायद्याचे संरक्षण मिळणे अवघड. ज्याची संमती कोणी विचारलीच नाही, त्याच्या हक्काचा निर्णय परस्पर झालेला असतो.

सरकारपासून खासगीपणा राखण्याचा हक्क न्यायालयाने मिळवून दिला. स्वतःच्या हौसेपासून तो राखण्याचे काम कोणतेही न्यायालय करू शकत नाही. ते ज्याच्या हाती मोबाइल आहे त्यालाच करावे लागेल.