जुन्या इंजिनाचा नवा पिस्टन : धातूची निवड हाही इतिहासाचाच प्रश्न

१/ शतकापूर्वीच्या इंजिनाचा पिस्टन तडकला आणि जोडीचा भाग कुठेच मिळेना, तर तो नव्याने ओतावा लागतो. पण कोणत्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत? हा प्रश्न आपण कारागिरावर सोपवून मोकळे होतो. माझ्या मते तो इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे.

२/ १९१३ मध्ये डब्ल्यू. ओ. बेंटली यांना फ्रान्समधील डीएफपी मोटार कारखान्यात पिस्टनच्या आकाराचे ॲल्युमिनियमचे पेपरवेट दिसले. त्यावरून त्यांनी ८८ टक्के ॲल्युमिनियम व १२ टक्के तांबे असलेले पिस्टन करवून घेतले. महायुद्धात ही कल्पना विमानांच्या इंजिनांत पोहोचली.

३/ बिडाच्या तुलनेत हे पिस्टन निम्म्याहून हलके आणि उष्णता झपाट्याने वाहून नेणारे. उणिवा दोन : तापल्यावर प्रसरण जवळजवळ दुप्पट, आणि ताकद लवकर ओसरते.

४/ दुसऱ्या उणिवेवर त्याच युद्धकाळात टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत वॉल्टर रोझेनहेन यांच्या विभागाने उत्तर शोधले : ‘वाय’ मिश्रधातू. ४ टक्के तांबे, २ टक्के निकेल, १.५ टक्के मॅग्नेशियम, बाकी ॲल्युमिनियम. उष्णतेतही तो तग धरतो.

५/ आज सहज मिळणारा ए ३५६ वेगळा आहे. त्यातील ७ टक्के सिलिकॉनमुळे तो साच्यात सुरेख वाहतो. त्याची ताकद मात्र मंद आचेवर घडवलेल्या अतिसूक्ष्म कणांत असते. २०० अंश सेल्सिअसच्या पुढे दीर्घकाळ तापल्यास ते कण जाडावतात आणि धातू मऊ पडतो. पाण्याने थंड होणाऱ्या सिलिंडर हेडला तो चालेल. हवेने थंड होणाऱ्या तापट हेडला तो देणे धोक्याचे.

६/ म्हणून केवळ सामान्य तापमानाचे आकडे पाहून निवड करणे चूक. ‘मूळचाच धातू हवा’ हा हट्टही तितकाच चूक. १२ टक्के तांब्याचा धातू ही त्या प्रवासाची पहिली पायरी होती. त्याच पिढीने ती ओलांडली. ‘वाय’ही ओतायला अवघड, त्यात वायूची छिद्रे सहज राहतात.

७/ पिस्टनसाठी सुमारे १२ टक्के सिलिकॉन आणि थोडे तांबे, निकेल व मॅग्नेशियम असलेला मिश्रधातू मला अधिक योग्य वाटतो. त्याचे प्रसरण कमी असते. मात्र पिस्टन व सिलिंडर यांमधील फट नव्याने ठरवावी लागते. जुने माप जसेच्या तसे उचलता येत नाही.

८/ बदल करावा. तो लपवू नये. नव्या भागावर ओतल्याचे वर्ष व मिश्रधातूचे नाव कोरावे. यामुळे गाडीची किंमत उतरते, असा आक्षेप असतो. मग खूण आतल्या, न दिसणाऱ्या बाजूस करावी. पण करावीच.

९/ अन्यथा उद्याचा संशोधक आपला धातू तपासून १९२० च्या दशकाविषयी निष्कर्ष काढील. इंजिन चालू ठेवण्याच्या भरात आपण एक पुरावा खोटा केलेला असेल.