घर आणि गाडी : इंजिन तापते, पण केव्हा?

उन्हाळा लागला की या सदराच्या टपालात एक वाक्य हटकून आढळते. कोणी इंदूरहून लिहितो, कोणी बडोद्याहून, कोणी विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या गावाहून. मजकूर मात्र एकच : 'आमची मोटार तापते, उपाय सुचवावा.' या वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे. परंतु ज्यावर सारे निदान अवलंबून असते तो कालवाचक शब्द त्यात नाही. गाडी तापते ती केव्हा? भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला क्रियाविशेषणाचे मोल सांगावे लागू नये. तथापि हाच शब्द गाळण्याची चूक मी स्वतः केली आणि हिमाचलातील एका चढावर वृद्ध वडिलांना उन्हात ताटकळत ठेवून तिची किंमत मोजली. ती हकीकत सांगण्यापूर्वी थोडे इंजिनाविषयी.

इंजिन तापणे हा मुळात दोष नव्हे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा, ढोबळ मानाने, तिसरा हिस्सा गाडी चालविण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगात शिरते. ही शेवटची उष्णता वाहून नेण्यासाठी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून पाणी व कूलंट यांचे मिश्रण पंपाने सतत फिरविले जाते. इंजिन गार असेतो थर्मोस्टॅट नावाची लहानशी झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते. मिश्रण साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की झडपेतील मेण वितळून फुगते आणि वाट मोकळी होते. मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना ते मिश्रण आपली उष्णता हवेला देते. गाडी वेगात असली तर ही हवा समोरून आपोआप येते. गाडी उभी असली तर ती पंख्याने ओढून आणावी लागते. वाचकांनी हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, कारण माझी सारी फजिती त्यातच आहे.

२०२४ सालच्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या गर्दीत आमच्या बारा वर्षांच्या गाडीचा काटा दोनतीनदा वर चढला. घराजवळच्या कारागिराकडे गाडी नेली आणि त्याला एवढेच सांगितले की, गाडी तापते. त्यानेही अधिक काही विचारले नाही. रेडिएटर धुतला, आणि 'या हवेत याची गरजच काय?' असे म्हणून थर्मोस्टॅट काढून माझ्या हाती दिला. पुढले काही दिवस सकाळच्या मोकळ्या रस्त्यावरच गाडी काढण्याचा प्रसंग येत असल्याने काटा जागचा हलला नाही, आणि रोग बरा झाला असे मी धरून चाललो.

मे महिन्यात वडील, पत्नी व सहा वर्षांची मुलगी यांच्यासह सिमल्यास निघालो. काल्का सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, सिमला सुमारे २२०० मीटरवर. म्हणजे परवाणू सोडल्यावर गाडीला चढच चढ. चढावर काटा मध्याच्या किंचित वर, परंतु स्थिर होता. धरमपूरच्या अलीकडे वाहनांची रांग लागली. दहा मिनिटे उभे राहिलो तोच काटा तांबड्या रेघेकडे सरकला. रांग हलली, गाडीने वेग घेतला आणि काटा पुन्हा खाली आला! मला हायसे वाटले. वस्तुतः त्याच क्षणी गाडीने आपले दुखणे स्पष्ट शब्दांत सांगितले होते; ऐकणारा बहिरा होता. पुढच्या रांगेत बॉनेटखालून वाफेचे लोट येऊ लागले.

वडिलांचे वय अठ्ठ्याहत्तर, त्यात रक्तदाबाचा विकार, आणि जवळपास झाड नाही. घाईघाईने बॉनेट उघडून मी पाण्याची बाटली काढली आणि हातरुमाल घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, इतक्यात मागील ट्रकचा चालक ओरडला, "बाबूजी, हात पीछे!" मी तरीही थबकलो नव्हतो, पत्नीने दंड धरून म्हटले, "अहो, ते काय म्हणताहेत ते ऐका आधी." या दोन वाक्यांनी माझा चेहरा वाचविला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांस उकळते. १५०० मीटरच्या उंचीवर ते सुमारे ९५ अंशांसच उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब बाहेरच्या वायुदाबापेक्षा साधारण एका वायुदाबाने वाढू देते, म्हणून आतील द्रव ११० अंशांवर जाऊनही द्रवच राहतो. झाकण काढताक्षणी तो दाब नाहीसा होतो आणि उकळते मिश्रण कारंज्यासारखे तोंडावर उडते. रुमालाने त्यापासून रक्षण होत नाही.

त्या गृहस्थाने वडिलांना आपल्या ट्रकच्या सावलीत बसविले आणि पाऊण तासपर्यंत झाकणाला कोणालाही हात लावू दिला नाही. मग विचारले, "गरम कब होती है? खड़ी हो तब, या चलते हुए?" एवढाच प्रश्न एप्रिलमध्ये कोणी विचारला असता, किंवा मी होऊन सांगितले असते, तर! मी उत्तर दिले. तो नुसता हसला. इंजिन हाताला सोसवेल इतके निवल्यावर झाकण उघडून थोडे थोडे पाणी घातले, इंजिन सुरू केले आणि वातानुकूलनाचे बटण दाबावयास सांगितले. आजच्या बहुतेक गाड्यांत हे बटण दाबले की रेडिएटरचा पंखा फिरू लागला पाहिजे. आमचा पंखा निश्चल होता. इंजिन बंद करून त्याने फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. तेव्हा पंख्याचा रिले उपसून त्या जागी हॉर्नचा, त्याच आकाराचा व त्याच क्रमांकाचा रिले बसविला, आणि पंखा घुमू लागला. घाटात हॉर्नविना गाडी हाकणे मला मुळीच पसंत नव्हते, पण सोलनपर्यंत तसेच गेलो. तेथे नवा रिले मिळाला. त्याची किंमत आम्हा चौघांच्या जेवणाहून कमी होती.

तेव्हा कारागिराकडे जाण्यापूर्वी 'केव्हा' याचे उत्तर स्वतःपाशी तयार असावे. उभ्या गाडीत काटा चढतो आणि वेग घेताच उतरतो, तर प्रथम पंखा, त्याचा फ्यूज, रिले आणि त्याला जागे करणारा तापसंवेदक तपासावा. ज्या जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, तेथे पट्टा सैल झाला आहे काय ते पाहावे. याउलट उभी असता शांत आणि महामार्गावर किंवा लांब चढावर तापणारी गाडी असेल, तर पंखा निर्दोष समजण्यास हरकत नाही; तेथे हवा भरपूर आहे, पण द्रवाचा प्रवाह अपुरा पडतो आहे. रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी चोंदलेल्या असतात, पंपाची पाती झिजलेली असतात, अथवा रेडिएटरच्या समोरील जाळी धुळीने व किड्यांनी बुजलेली असते. ही जाळी पाण्याच्या हलक्या धारेने घरच्या घरी धुता येते. मोठ्या जोराची धार मात्र मारू नये. नाजूक पत्रे वाकतात.

तिसरा प्रकार सुरू केल्यापासून पाचसात मिनिटांतच तापणाऱ्या गाडीचा. येथे कूलंट फार उतरलेले असते, किंवा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असतो, किंवा नुकतेच कूलंट बदलले असल्यास आत हवा कोंडलेली असते. एक सोपी खूण सांगतो. काटा वर असताना हीटर लावून पाहावा. त्यातून गार हवा आली तर तेथवर गरम द्रव पोहोचतच नाही, अर्थात तो कमी आहे. अशा वेळी काटा अकस्मात खाली आला तरी आनंद मानू नये. संवेदक द्रवाबाहेर उघडा पडला की तो खोटे सांगू लागतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडील रीत मला आता अक्षम्य वाटते. त्याने इंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते, पेट्रोल अधिक जळते आणि झीज वाढते. शिवाय खरा दोष काही काळ झाकला जातो, जसा माझ्या बाबतीत झाला. बिघडलेला असेल तर नवा बसवावा. बिघडला आहे की नाही याची परीक्षा स्वयंपाकघरातही होते : तो दोऱ्याने बांधून पातेल्यातील पाण्यात सोडावा आणि पाणी तापवावे. उकळी येईपर्यंत झडप उघडली नाही तर तो निकामी समजावा. पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकास वापरू नये.

नळाच्या पाण्याचेही तसेच. राजस्थान, दिल्ली, मराठवाडा अशा जड पाण्याच्या प्रदेशांत रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे नळाचे पाणी घालणे म्हणजे चहाच्या किटलीत बसतो तसा पांढरा थर हाताने चढविणे होय. वाटेत अडचण आली तर कोणतेही स्वच्छ पाणी चालेल. घरी आल्यावर ते काढून ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात, भरावे. कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. जमिनीवर सांडलेले तसेच ठेवू नये. मुले व कुत्री त्याकडे वळतात.

वाटेत काटा चढू लागला, पण वाफ दिसत नसेल, तर वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण लावावा. मे महिन्यात हा उपाय कोणालाही वेडाचा वाटेल. परंतु हीटर हा एक लहान रेडिएटरच आहे आणि इंजिनाची थोडी उष्णता तो गाडीत ओढून घेतो. तेवढ्याने काटा न उतरल्यास, किंवा वाफ दिसल्यास, सुरक्षित जागा पाहून इंजिन ताबडतोब बंद करावे. तापलेल्या इंजिनावर वा इंजिनात गार पाणी ओतू नये, धातूला तडा जातो. पंख्यापासून हात दूर ठेवावेत. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू शकतो. 'पुढचे गाव दोनच किलोमीटर आहे' हा विचार सर्वांत महाग पडतो, कारण इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड अतिउष्णतेने वाकते आणि त्याखालील गॅस्केट फुटते.

सोलनच्या कारागिराने रिले बदलण्यापूर्वी नेमके हेच तपासले. तेलाची पट्टी काढून तेलाला दुधाळ रंग आला आहे काय ते पाहिले. मग रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का, धुराड्यातून पांढरा, गोडसर वासाचा धूर सतत निघतो का, तेही पाहिले. यांपैकी काही आढळले असते तर इंजिन उघडावे लागले असते आणि आमची सहल सोलनलाच संपली असती. तसे काही आढळले नाही. दिल्लीस परतल्यावर मी तो एप्रिलमध्ये काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात घालून पाहिला. तो अगदी निर्दोष होता! गाडी पुन्हा त्याच कारागिराकडे नेली, या वेळी चिठ्ठी लिहून : 'उभी असताना तापत होती. पंख्याचा रिले बदलला आहे. सोबतचा थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटसह जागेवर बसवावा, पाणी काढून कूलंट भरावे, आत हवा राहू देऊ नये.' त्याने ती दोनदा वाचली आणि विचारले, "साहब, पंखा नहीं चल रहा था, तो पहले क्यों नहीं बताया?"