कान न पिळता

'ओटा आणि फळा' या सदराचं हे चौथं वर्ष. आतापर्यंत बाराखडी झाली, शाळेचे डबे झाले, गेल्या दिवाळीत आजी-आजोबांचे व्हिडिओ कॉल झाले. यंदाचा विषय जरा आवाजी आहे. आपल्या मंडळातली बरीच मुलं हल्ली इलेक्ट्रिक गिटार शिकतात. गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत दोन-तीन मैत्रिणींनी मला एकच प्रश्न विचारला, "अगं, ॲम्प कुठला घ्यायचा गं?" आमच्या घरी यावरून वर्षभर बराच खल झालाय, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा सगळ्यांना एकदमच उत्तर देते. ज्याला कमीत कमी नॉब आहेत आणि जो जोडल्याबरोबर चांगला वाजतो, तो घ्या. आता कारणं सांगते.

हा अंक इचलकरंजीत आणि नाशकात वाचणाऱ्या काका-मावश्यांसाठी आधी थोडी ओळख. साध्या गिटारचं लाकडी पोट पोकळ असतं, त्यात आवाज घुमतो. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव असते. तिच्या तारांखाली लोहचुंबकाभोवती तांब्याची केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते, त्याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार हलली की पिकअपमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते. ती वाढवून स्पीकरपर्यंत पोचवायचं काम ॲम्प्लिफायरचं, म्हणजे ॲम्पचं. देवळातल्या भोंग्यासारखा तो बाहेरून जोडलेला नसतो, गिटारचं पोटच असतो. म्हणून अर्धं वाद्य तोच, असं म्हटलं तरी चालेल.

आमचा मुलगा बारा वर्षांचा. त्याचा पहिला ॲम्प नव्या पद्धतीचा, डिजिटल होता. आत भरपूर तयार आवाज, वर नॉबची रांग, शिवाय फोनवर ॲप. शिक्षिकेची सवय जात नाही, म्हणून एक दिवस पोळ्या करता करता मी घड्याळ लावून ऐकलं. तीस मिनिटांच्या रियाझात तो प्रत्यक्ष वाजवत होता अकरा मिनिटं. बाकीचा वेळ हा आवाज, तो आवाज, बास थोडा कमी, ट्रेबल थोडा जास्त. "आई, आवाज बसतच नाहीये." फेब्रुवारीत 'आवाज बसत नाही'चं 'मला येत नाही' झालं आणि ईस्टरच्या सुट्टीत गिटार कपाटामागे गेली.

गिटारचं एवढं काही नाही. पण पुण्यात सहा वर्षं मी वर्गात उभी राहिले आहे. 'मला येत नाही' हे वाक्य मुलाच्या तोंडी एकदा रुळलं की ते एका विषयापुरतं राहत नाही, हे मी पाहिलंय. त्या ॲम्पचा दोष नाही, त्यातले आवाज चांगलेच आहेत. पण निवडायचं काम त्यानं अशा मुलावर टाकलं होतं, ज्याचा कान अजून तयार व्हायचा आहे. पहिलीतल्या मुलाला पेन्सिलींच्या अख्ख्या दुकानात उभं करावं आणि 'यातली योग्य ती निवड, मग अ काढ' म्हणावं, तसं ते झालं.

आपल्याकडचा तंबोरा बघा. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे करणारे कारागीर आहेत. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा तो भरलेला झंकार जवारीतून येतो. घोडीचा माथा कारागीर इतक्या बेताने घासतो की छेडलेली तार त्याला ओझरती लागत राहते. हे काम त्याच्या कानाचं आणि कानशीचं. गाणाऱ्यानं घरी खुंट्या पिळून सूर लावायचा, तारेखाली दोरा सरकवायचा आणि गायला बसायचं. म्हणजे जुळवणी असतेच, पण त्यातली सगळ्यात अवघड जुळवणी वाद्य करणाऱ्यानं आधीच करून दिलेली असते. काही ॲम्पही असेच असतात.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा चॅम्प. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाजवणाऱ्यांना काय हवंय ते ऐकून ते गिटार आणि ॲम्प घडवत गेले. १९५० च्या दशकातला चॅम्प हा शिकणाऱ्यांसाठी केलेला सर्वांत छोटा, स्वस्त ॲम्प. जुन्या सुटकेसवर असायचं तसं पिवळसर कापड चिकटवलेलं खोकं, आठ इंची स्पीकर, ताकद जेमतेम पाच वॅट आणि नॉब एकच, आवाज लहान-मोठा करायचा. बास नाही, ट्रेबल नाही. पुढे एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन यांनी १९७० मध्ये मायामीच्या स्टुडिओत 'लैला'चा अल्बम केला, तेव्हा असेच छोटे चॅम्प वापरले. शिकाऊ मुलांचं खोकं उस्तादांनी उचललं ते त्याच्या आवाजासाठी.

एका नॉबवर आवाज इतका चांगला कसा येतो? चॅम्पच्या आत व्हॉल्व्ह तीनच. आजोबांच्या रेडिओत तांबूस उजळायचे तेच. एक गिटारची क्षीण वीज वाढवतो, दुसरा ती स्पीकर हलवण्याइतकी करतो, तिसरा घरच्या विजेतून आतल्या भागांना लागणारी वीज तयार करतो. बास-ट्रेबलच्या नॉबांमागे जी जोडणी असते तिच्यात गिटारच्या सिग्नलचा बराच भाग खर्ची पडतो. इथे ती जोडणीच नसल्यामुळे तारेचा आवाज जवळजवळ अख्खा पुढे जातो. मग कर्कश का होत नाही? कारण गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवत नाही. टोचणारा भाग तिथेच गाळला जातो, चहाचा चोथा गाळणीत राहावा तसा.

खरी गंमत व्हॉल्व्हची. हळू छेडलं की आवाज स्वच्छ येतो. जोरात छेडलं की व्हॉल्व्ह त्याच्या मर्यादेला टेकतो, आणि ते अचानक होत नाही, हळूहळू होतं. गाणाऱ्याचा गळा तापल्यावर आवाजाला धार येते तसं. म्हणजे ॲम्पचा नॉब जागेवरच राहतो आणि फरक बोटांनी पडतो. गिटारवरही आवाजाचा एक छोटा नॉब असतो. तो थोडा मागे घेतला की तोच ॲम्प पुन्हा स्वच्छ.

आता आपल्या शेजारची गोष्ट, फेल्टमची. हीथ्रोला पाहुण्यांना आणायला जाताना पाटी दिसते ते फेल्टम. ब्रायन मे तिथे वाढला. झांझिबारमध्ये जन्मलेला, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा १९६४ मध्ये आईवडील आणि बहिणीबरोबर त्याच फेल्टममध्ये राहायला आला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. क्वीन बँडची ही जोडी सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रायननं १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, तिचं काही लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. ती तो व्हॉक्स एसी-३० या ॲम्पला जोडतो. हा ॲम्प मूळ केंटमधल्या डार्टफर्डचा. मध्ये एक छोटा ट्रेबल बूस्टर असतो, ॲम्पचा आवाज पूर्ण वर आणि मग तिकडे बघायचं नाही. हळुवार ओळीपासून गर्जनेपर्यंत सगळं गिटारच्या नॉबवर आणि बोटांवर. (मराठी आईवडिलांच्या समाधानासाठी: त्यानं २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएच.डी. पूर्ण केली.)

पण या लेखाचा खरा नायक त्याच बँडचा बास वाजवणारा जॉन डीकन. तो लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, अबोल. १९७२ च्या सुमारास त्याला रस्त्याकडेच्या स्किपमध्ये टाकून दिलेलं एक सर्किट सापडलं. ते त्यानं घरी नेलं, पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. या ॲम्पची ताकद एक वॅटसुद्धा नाही, आणि त्याला नॉब एकही नाही. आवाजाचासुद्धा नाही. पिळायला कानच नाही! ब्रायन मेनं त्याला गिटार जोडली आणि तो त्यातून व्हायोलिनसारखे, ट्रॉम्बोनसारखे आवाज काढू लागला. १९७५ च्या 'गुड कंपनी' या गाण्यात जुन्या जॅझ बँडची जी वाद्यं ऐकू येतात, ती सगळी त्याची गिटार आणि हे बिननॉबचं खोकं. जगभर 'डीकी ॲम्प' म्हणून ते ओळखलं जातं.

ही गोष्ट मी मुलाला सांगितली, आणि मे महिन्यात आम्ही जुना एपिफोन व्हॉल्व्ह ज्युनियर घेतला. पाच वॅट, एक नॉब. त्यानं खोकं फिरवून मागे पाहिलं, "बाकीचे नॉब कुठे आहेत?" सासूबाई तेव्हा इथेच होत्या. म्हणाल्या, "अरे बाळा, एकच दिलाय तर एकच फिरव की."

पहिले दोन आठवडे त्याला जड गेले, कारण आता लपायला जागा उरली नव्हती. सूर फाटला तर तो ॲम्पनं फाडला असं म्हणता येईना. पण एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, करंगळी तारेवर नीट दाबली जात नाहीये, म्हणून तो सूर मरतो." 'मला येत नाही' कुठे आणि 'करंगळी दाबली जात नाही' कुठे! करंगळीवर उपाय असतो. जूनमध्ये पुन्हा घड्याळ लावलं, तीसपैकी पंचवीस मिनिटं वाजवणं. अजून तो काही फार छान वाजवत नाही, पण वाजवतो.

आता घेणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. वॅटच्या आकड्यानं फसू नका. पन्नास वॅटचा ॲम्प पाच वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही, कानाला साधारण दुप्पट वाटतो. पाच वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्पसुद्धा आपल्या सेमी-डिटॅच्ड घरांत भरपूर होतो. आम्ही शेजारच्या आजींना विचारून साडेचार ते पाच ही वेळ ठरवली आहे, आणि ॲम्प जमिनीवर न ठेवता स्टुलावर, सामाईक भिंतीपासून दूर ठेवतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर व्हॉल्व्हचा हट्ट धरू नका. अशा साध्या ॲम्पना बहुधा हेडफोनची सोय नसते. हेडफोन लागणारा, दोन-तीन नॉबचा छोटा ट्रान्झिस्टर ॲम्पही चालतो. व्हॉल्व्हशिवाय चांगला आवाज येत नाही असंही नाही. जपानच्या रोलँड कंपनीचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टर ॲम्प त्याच्या स्वच्छ आवाजासाठी आजही नावाजला जातो. मुलाला हेवी मेटलच वाजवायचं असेल तर मात्र एका नॉबवर भागणार नाही, ते आधीच विचारून घ्या.

न्यू जर्सीच्या मामानं 'मी आणतो तिकडून' म्हटलं तर थांबवा. तिकडची वीज १२० व्होल्टची, इथली २३०. तो ॲम्प इथे थेट जोडायचा नाही. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि कितीही उत्साही नवरा असला तरी त्याला मागचं झाकण उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आत काही काळ शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात. ते काम जाणकाराचं.

दुकानात गेलात की एक करा. सगळे नॉब मधोमध ठेवायला सांगा आणि मुलाला त्याची पाठ असलेली एकच ओळ वाजवू द्या, आधी हळू, मग जोरात. दोन्ही वेळा वेगळी आणि दोन्ही वेळा बरी वाटली, तर तो ॲम्प घरी आणायला हरकत नाही. दुकानदार आणखी आवाज दाखवायला लागला तर चहाची वेळ झाली म्हणून सांगा.

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. चकल्या मोडल्या तर त्याबद्दल पुढच्या वर्षी लिहीन.