व्यापाऱ्यांचा पाठिंबा आणि गिरणीची जमीन

लालबागचा राजा नवसाला पावतो म्हणतात. त्याच्या जन्मामागचा नवस मात्र जागेचा होता. 1932 मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला आणि तिथले कोळी, फेरीवाले उघड्यावर आले. हक्काची, कायमची बाजारपेठ मिळू दे, असं साकडं त्यांनी घातलं. जागा मिळाली आणि 1934 मध्ये गणपती बसला. सरकारी कागदावर याला ‘भूखंडाच्या वापराबाबत व्यापाऱ्यांची मागणी’ म्हणता आलं असतं. मागणाऱ्यांना त्या जागेवर रोज टोपली मांडून बसायचं होतं, हे या मागणीचं वैशिष्ट्य.

आज एखाद्या औद्योगिक जमिनीचा झोन बदलून तिथे घरं, कचेऱ्या, दुकानं, हॉटेलं अशा मिश्र वापराला परवानगी द्यायचा प्रस्ताव आला, की त्यामागेही व्यापारी उभे राहतात. रोजगार येईल, गिऱ्हाईक येईल, रात्री रस्ते ओस पडणार नाहीत, असं ते सांगतात. त्यात खोटं काही नाही. नुसत्या कचेऱ्यांची वस्ती केली की काय होतं, ते वांद्रे-कुर्ला संकुलात सुट्टीच्या दिवशी चक्कर मारणाऱ्याला कळतं. घर, दुकान आणि काम एकमेकांच्या हाकेवर असावं, हे गिरणगावाला तर कुणी शिकवायचीही गरज नव्हती. चाळीच्या तळमजल्यावर किराणा, वर खोल्या, कोपऱ्यावर खानावळ, पलीकडे व्यायामशाळा आणि भोंगा झाला की चालत गाठता येणारी गिरणी. भारतमाता टॉकीजसुद्धा गिरणीच्याच जमिनीवर.

तेव्हा मिश्र वापराला विरोध करण्यात अर्थ नाही. विचारायचं ते एवढंच, की झोन बदलल्यावर जमिनीचा जो भाव वाढतो, त्यातलं शहराच्या पदरात काय पडतं?

मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं, त्यात याचं उत्तर आहे. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. मागे उरली ती ऐन मुंबईच्या मध्यावरची सुमारे 600 एकर जमीन. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम क्रमांक 58 आला. त्याचं सूत्र शाळकरी मुलालाही कळेल असं होतं: जमीन विकसित करायची तर तिचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. 1996 मध्ये सरकारने चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईतल्या गिरण्यांचा सुटासुटा नव्हे, एकत्र आराखडा करावा, असं तिचं म्हणणं होतं. तो अहवाल बासनात गेला.

आणि 2001 मध्ये नियमातले मोजके शब्द बदलले. वाटणी आता सगळ्या जमिनीची नव्हे, गिरणीच्या आवारात जी जमीन मुळात मोकळी असेल तेवढ्याचीच. आता गिरणी म्हणजे काय? शेड, गोदामं, बॉयलरघर, चिमणी. आवार जवळपास बांधकामानेच भरलेलं. शेड पाडल्यावर तीही जमीन मोकळी होते, हे कुणालाही दिसत होतं, पण नियमाला ते दिसेना. शहराचा वाटा आक्रसून नाममात्र उरला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप न्यायालयात गेला. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नियम राहिला.

भाव म्हणजे नेमका किती, याचा एक नमुना पाहा. 2005 च्या लिलावात लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे 17 एकर जमीन डीएलएफने 702 कोटींना घेतली. 2012 मध्ये तीच जमीन लोढा समूहाकडे गेली, सुमारे 2,700 कोटींना. सात वर्षांत जवळपास चौपट. असा व्यवहार समोर दिसत असताना व्यवसायांनी झोनबदलाला पाठिंबा दिला नसता तरच नवल! त्याबद्दल त्यांना दोष का द्यावा? दोष त्यांचा, जे हा पाठिंबा म्हणजेच जनमत असं धरून चालले.

कारण मॉल आणि मनोरे उभे राहिले, तरी रस्ते आणि पूल होते तिथेच होते. गिरणी कामगार चालत यायचा. कचेरीतला माणूस डोंबिवली-विरारहून लोकलने येतो, हा साधा हिशेब कुणी मांडला नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. त्याच वर्षी 29 डिसेंबरला कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागून 14 जण दगावले. एल्फिन्स्टनचा नवा पादचारी पूल शेवटी लष्कराने बांधला, 2018 मध्ये. वरळीपर्यंत भुयारी मेट्रो पोचायला 2025 चा मे उजाडला. या उशिराची किंमत व्यवसायांनीही मोजलीच आहे. लोअर परळच्या कोंडीत अडकून बैठकीला उशिरा पोचलेल्या माणसाला ती पाठ असते.

म्हणून पुढच्या प्रस्तावाच्या वेळी पाठिंब्याचं पत्र देणाऱ्याला दोन-तीन गोष्टी सरळ विचारायला हव्यात. पत्र कुणाचं आहे? जमिनीच्या मालकाचं, की त्या रस्त्यावर भाड्याने दुकान चालवणाऱ्या पिठाच्या गिरणीवाल्याचं? झोन बदलल्यावर पहिल्याचा भाव वाढतो आणि दुसऱ्याचं भाडं. आणि शहराचा वाटा कधी मिळणार? पहिल्या मजल्याचा स्लॅब पडण्याआधी जमिनीचा ताबा महापालिकेकडे, अशी अट लिहून घेतली पाहिजे. ‘यथावकाश’ या शब्दाचा मुंबईला पुरेसा अनुभव आहे. नगररचना कायद्याच्या कलम 37 नुसार फेरबदलाची सूचना निघते, हरकतींसाठी महिनाभराची मुदत असते. ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात छापली जाते. मालकांचे वकील ती वाचतातच. दुकानदारांच्या संघटनेनेही वाचावी आणि पाठिंबा द्यायचाच तर अटींसह द्यावा.

गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांचे घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. 2012 च्या सोडतीत 6,925 घरं होती, 2020 च्या सोडतीत 3,894. जमिनीचा वाटाच आटला, तर घरं कुठून वाढणार? बाकीच्यांपुढे आता शेलू आणि वांगणीचा पर्याय ठेवला आहे. जुलै 2025 मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानात जमले होते. त्यांना घर मुंबईतच हवं आहे. शेलू, वांगणी ही दोन्ही गावं बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर आहेत.