एक कोयता, दोन माणसे

गेवराई तालुक्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीची मोजदाद माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. काव्यशास्त्राच्या तासाला आपण याला लक्षणा म्हणून मोकळे होऊ. मुकादमाच्या वहीत मात्र तीच लक्षणा बाईची मजुरी गिळते. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, ती फेडण्यासाठी राबतात दोघे. जानेवारी 2024 मध्ये मजुरीत 34 टक्के वाढ ठरली. दर हलला, माप तेच राहिले.

हे आठवले ते, विचित्र वाटेल, बिटकॉइनमुळे. अनेकांनी आपली नाणी एकाच व्यवहारात मिसळून कोणाचे कोणते हे झाकावे, ही ‘कॉइनजॉइन’ची कल्पना ग्रेगरी मॅक्सवेल यांनी 2013 मध्ये मांडली. अशा सामाईक व्यवहाराचे शुल्क रकमेवर नव्हे, त्याने व्यापलेल्या बाइटांवर ठरते. एकच मोठे नाणे आणणारा थोडी जागा अडवतो. थोडेथोडे साठवणाऱ्याची दहा किरकोळ नाणी कितीतरी अधिक. माणशी सारखे शुल्क घ्यावे, तर किरकोळवाल्याचा भार इतरांवर. बाइटांप्रमाणे घ्यावे, तर छोट्याची बचतच कुरतडली जाते. टक्केवारीने घ्यावे, तर जुळणी करणाराच मुकादम होऊन बसतो.

गणित बाइटांच्या बाजूने आहे. माझे मन नाही. तरी तिथे प्रत्येकाला आपला वाटा सही करण्यापूर्वी दिसतो, नापसंत असल्यास बाहेर पडता येते. फडात मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणाऱ्या बाईच्या नावाचा रकानाच वहीत नसतो.